नव्या यंत्रांचे धोके मराठीत लिहिताना

गेल्या पावसाळ्यात माझ्या मावसभावानं व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. तो उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत फेटलिंगला आहे. कास्टिंग साच्यातून बाहेर आलं की कडेला राहिलेला फालतू भाग ग्राइंडरनं घासून काढायचा, हे त्याचं काम. फोटोत एका ड्रमवरचं लेबल होतं. वर इंग्रजी, त्याखाली जर्मन, कोपऱ्यात लाल चौकटीतलं काळं उद्गारचिन्ह. खाली त्यानं लिहिलं होतं, "अक्का, वाळू छापायचं मशीन आलंय आमच्यात. ह्यात काय लिवलंय बघ की."

बेळगावात फौंड्री म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. उद्यमबाग असो, मच्छे असो, गल्लीतला कुणी ना कुणी मोल्डिंगला, कोअरशॉपला नाहीतर मशीनशॉपला असतोच. पण हे मशीन नवं होतं. साचा करायचा तर आधी लाकडाचा किंवा धातूचा पॅटर्न लागतो, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या बघत आलो. हे मशीन पॅटर्न मागतच नाही. कॉम्प्युटरमधल्या आकृतीप्रमाणे ते वाळूचा पातळ थर पसरतं, हव्या त्या जागी बाइंडरचा, म्हणजे वाळू चिकटवणाऱ्या द्रवाचा, फवारा मारतं आणि त्यावर पुढचा थर पसरतं. असे शेकडो थर झाले की साचा तयार. ड्रममध्ये तो बाइंडर होता. मी लेबल वाचून मराठीत सांगितलं: डोळ्यांना आणि कातडीला त्रास होतो, वाफ नाकात जाऊ देऊ नको, हातमोजे घाल. त्यावर त्यानं विचारलं, "आणि वाळू? ती तर आम्ही हवा मारूनच साफ करतोय."

लेबलवर वाळूबद्दल काही नव्हतं, कारण लेबल ड्रमचं होतं. त्याने मराठीत शोधूनही बघितलं होतं आणि कामाचं काही हाती लागलं नव्हतं.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर जगात नव्हतं असं नाही, चांगलं सविस्तर उत्तर होतं. पण ते इंग्रजी अहवालांत होतं आणि उद्यमबागेतल्या मोबाइलपर्यंत पोचत नव्हतं. ते पोचवायचा एक मार्ग म्हणजे विकिपीडिया. काही शोधलं की बऱ्याचदा पहिल्या चार-पाच दुव्यांत तोच असतो, पैसे पडत नाहीत, आणि चूक दिसली तर ती दुरुस्त करायचा अधिकार वाचणाऱ्यालाच असतो. त्या दिवसापासून आम्ही चार-पाच जण रविवारी सकाळी टिळकवाडीत एकाच्या घरी बसतो आणि कामाच्या जागेवरच्या सुरक्षेचे मराठी लेख लिहितो, वाढवतो, तपासतो. निवृत्त फिटर, नर्स, इंजिनिअरिंगची दोन मुलं आणि मी. हे काम कसं चालतं आणि त्यात अडतं कुठं, ते इथं सांगते.

आधी त्या वाळूचं सांगते. फौंड्रीची वाळू म्हणजे मुख्यतः सिलिका. हातात घेतलेला वाळूचा कण फुप्फुसात जात नाही, तो त्यासाठी फारच मोठा असतो. पण वाळू झाडली, फोडली, घासली की तिचा भुगा होतो आणि त्यातले काही कण दहा मायक्रॉनच्याही खाली येतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. एवढे बारीक कण नाकात अडकत नाहीत, घशात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. तिथं व्रण होतात आणि फुप्फुस हळूहळू ताठर होत जातं. हा सिलिकोसिस. तो बरा करणारा उपचार नाही, आणि काम सोडल्यानंतरही तो वाढू शकतो. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं कामाच्या ठिकाणी श्वासातून जाणाऱ्या स्फटिकरूप सिलिकाला माणसात नक्की कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. छपाईचं यंत्र नवं असलं तरी तयार साच्याभोवतीची सुटी वाळू काढताना उडते ती धूळ जुनीच आहे. कॉम्प्रेसरची हवा मारली की ती सगळ्या शेडभर होते.

नव्या तंत्रज्ञानात असं पुष्कळदा घडतं. नवीन फ्लॅटमधला क्वार्ट्झचा ओटा घ्या. तो दगड खाणीतून आलेला नसतो. दगडाचा चुरा रेझिनमध्ये घट्ट बसवून तो कारखान्यात करतात, आणि त्यात सिलिका ९० टक्क्यांहून जास्त असू शकते. तो कोरडा कापणारी जवान मुलं काही वर्षांतच सिलिकोसिसनं आजारी पडू लागली, म्हणून ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून तसा दगड बनवायला, पुरवायला आणि बसवायला बंदी घातली. शहापुरात नाहीतर अनगोळात ओटा बसवायला येणारा मुलगा ग्राइंडर चालू करताना तोंडाला रुमाल बांधतो. एवढे बारीक कण रुमालातून आरपार जातात, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

काही धोके मात्र खरोखर नवे आहेत. नॅनो पदार्थांचंच बघा. एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घेतला तर त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. तोच ठोकळा एक नॅनोमीटर, म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग, एवढ्या बाजूच्या ठोकळ्यांत चिरला तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग होतो ६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकराचं भाताचं शेत. वजन तेवढंच, पण शरीराशी भिडणारा पृष्ठभाग दीड एकर. त्यामुळे एकाच पदार्थाचे जाड कण आणि नॅनो कण यांना एकच नियम पुरत नाही. रंगात वापरतात तो पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड आहे ना, त्याबद्दल अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संशोधन संस्थेनं, म्हणजे नायॉशनं, २०११ मध्ये दोन वेगळ्या मर्यादा सुचवल्या. साध्या बारीक कणांना एक घनमीटर हवेत २.४ मिलिग्रॅम आणि अतिसूक्ष्म कणांना ०.३ मिलिग्रॅम. पदार्थ तोच, मर्यादा आठपट कडक.

नायॉशचं नाव पुढंही येईल, कारण आमच्या कामाला तिचा मोठा आधार आहे. १९७० च्या अमेरिकी कायद्यानं ती स्थापन झाली. तिच्या माणसांनी विकिपीडियाच्या स्वयंसेवकांबरोबर बसून इंग्रजी लेख सुधारले. नॅनो पदार्थांचे धोके, थ्रीडी प्रिंटिंगचे धोके, रोबोटजवळ काम करतानाची सुरक्षा, या प्रत्येकावर इंग्रजी विकिपीडियात आज स्वतंत्र लेख आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुरावर तिथं कॉपीराइट नसतो, त्यामुळे तिथल्या आकृत्या आणि मजकूर सरळ घेता येतात. आपल्याकडे तसं नाही. अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था किंवा मुंबईची केंद्रीय श्रम संस्था यांच्या अहवालातली माहिती आपल्या शब्दांत आणि संदर्भ देऊन लिहिता येते, पण त्यातलं चित्र उचलून लावता येत नाही.

मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ रोजी. तो महाराष्ट्र दिन, आणि कामगार दिनही. आपल्या भागात एक मेला पहिलीच आठवण जास्त निघते. मला दुसरीही तेवढीच जवळची वाटते.

लेख लिहायचा म्हणजे नक्की काय करायचं? आधी खातं उघडायचं. मग धूळपाटीवर मसुदा करायचा. धूळपाटी म्हणजे प्रत्येक सदस्याला मिळणारं सरावाचं पान. शाळेत धुळीवर बोटानं अक्षरं गिरवायची ती आठवण या नावात आहे आणि मला ते फार आवडतं. मसुदा जमला की तो मुख्य जागी न्यायचा. प्रत्येक लेखाला एक चर्चापान असतं, तिथं वाद घालायचा, आणि एक इतिहास असतो, तिथं कुणी कधी कोणतं अक्षर बदललं ते कायम राहतं. कुणी खोडसाळपणा केला तरी आधीची आवृत्ती परत आणता येते.

सगळ्यात जड जातो तो दुसराच नियम: स्वतःला माहीत आहे म्हणून लिहायचं नाही. प्रत्येक विधानाला आधी छापलेला विश्वासार्ह आधार लागतो, नाहीतर कुणीतरी येऊन 'संदर्भ हवा' असा शिक्का मारतं. आमच्या नर्सताईंनी तीस वर्षांत फौंड्रीतली किती माणसं धापा टाकत वॉर्डात आलेली बघितली. मी त्यांना म्हटलं, ते लेखात लिहिता येणार नाही. त्या काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे मी बघितलं ते खोटं?" खोटं नाही. पण उद्या एखाद्या यंत्र विकणाऱ्यानं 'आमच्याकडे तीस वर्षांत कुणाला काही झालं नाही' असं लिहिलं, तर त्याला कोणत्या तोंडानं अडवायचं? जो नियम त्याला अडवतो तोच ताईंना अडवतो. ताईंनी त्यावर उपाय काढला. बघितलं ते लिहायचं नाही, पण काय शोधायचं ते त्यावरून ठरवायचं. फेटलिंगवाल्यांपेक्षा नॉकआउटवाले, म्हणजे साचा फोडून कास्टिंग बाहेर काढणारे, जास्त का येतात, हा प्रश्न त्यांचा. उत्तराचे संदर्भ आम्ही शोधले आणि ते सापडले. बाहेरून येणाऱ्या लेखकाला हा प्रश्न पडलाच नसता. या भागातल्या माणसांनी हे लेख लिहावेत असं मला वाटतं ते यासाठी.

रोबोटच्या लेखातही असंच झालं. आमच्यातल्या एका मुलाला वाटत होतं की रोबोटचा धोका ही पुढची गोष्ट आहे, जपान-अमेरिकेतली. मग आम्ही रॉबर्ट विल्यम्सची हकिगत वाचली. २५ जानेवारी १९७९, मिशिगन राज्यातलं फ्लॅट रॉक, फोर्डचा कास्टिंगचा कारखाना. म्हणजे आपल्यासारखीच फौंड्री. रॅकवरची कास्टिंग काढून आणणारा रोबोट मालाची मोजणी चुकीची देत होता, म्हणून पंचवीस वर्षांच्या विल्यम्सला स्वतः रॅकवर चढावं लागलं. रोबोटचा हात मागून आला आणि त्याच्या डोक्यावर बसला. तो जागीच गेला आणि रोबोट काम करत राहिला. माणूस यंत्रामुळे गेल्याच्या नोंदी त्याआधीही पुष्कळ आहेत, पण रोबोटनं घेतलेला पहिला बळी म्हणून त्याचीच नोंद सांगतात. दोनच वर्षांनी, १९८१ मध्ये, जपानमध्ये केन्जी उरादा हा कामगार रोबोट दुरुस्त करताना गेला.

दोघेही रोबोटच्या टापूत शिरले ते त्याचं काहीतरी अडलं होतं म्हणून. यंत्र सुरळीत चालू असताना माणूस त्याच्यापासून लांबच असतो. अडकलं, चुकलं, साफ करायचं झालं की आत शिरतो. म्हणून लॉकआउटची पद्धत आहे: आत जाणाऱ्यानं मेन स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. तिघं आत जाणार असतील तर कुलपं तीन. शेवटचा माणूस बाहेर येऊन आपलं कुलूप काढेपर्यंत वीज येऊच शकत नाही. आमचे फिटरकाका म्हणाले, "आम्ही स्विचवर पुठ्ठा लावायचो, 'माणूस आत आहे' लिहून. पुठ्ठा वाऱ्यानं पडायचा."

आता भाषेचं सांगते, कारण आमचा निम्मा वेळ तिथंच जातो. इंग्रजीत हॅझर्ड आणि रिस्क असे दोन शब्द आहेत आणि आपण दोन्हीला धोकाच म्हणतो. पण या विषयात ते वेगळे ठेवावेच लागतात. शेतातली विहीर हा धोका. तिला कठडा नाही, वाट तिच्या काठावरून जाते आणि पोरं तिथं खेळतात, ही जोखीम. कठडा बांधला की विहीर तीच राहते, जोखीम कमी होते. हे एकदा ठरवल्यावर पुढचे किती तरी परिच्छेद आपोआप सरळ झाले.

फुप्फुसात खोल जाणाऱ्या धुळीसाठी 'श्वसनीय धूळ' असा एक शब्द तयार होता. व्याकरणानं ठीकच आहे. पण वाचनीय म्हणजे वाचण्याजोगं, पूजनीय म्हणजे पूजा करण्याजोगं. मग श्वसनीय म्हणजे? फिटरकाकांनी वाचून विचारलं, "म्हणजे ही धूळ श्वासात घेतली तर चालते का?" ज्या कणांनी माणूस मरतो त्यांच्यासाठी आम्ही बरोबर उलटा अर्थ निघेल असा शब्द वापरत होतो. तो काढला. सध्या 'फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचणारी धूळ' असं लांबलचक लिहितो. लांब आहे, पण उलटं नाही.

आकड्यांतली चूक याहून वाईट. कार्बन नॅनोट्यूबसाठी, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांसाठी, नायॉशनं २०१३ मध्ये सुचवलेली मर्यादा एक घनमीटर हवेत १ मायक्रोग्रॅम आहे. आमच्या मसुद्यात पडलं '१ मिलिग्रॅम'. वाक्य शुद्ध, संदर्भ बरोबर, प्रकाशित करायच्या बेतात होतो. तेव्हाही काकांनीच बोट ठेवलं. मायक्रोमीटर हातात घेऊन उभी हयात गेलेला माणूस तो. म्हणाले, "मिलि आणि मायक्रो? हजारपट. आमच्यात पॉइंट चुकला की जॉब रिजेक्ट होतो, इथं माणूस." त्या दिवसापासून आमच्यात एकानं लिहिलेला आकडा दुसरा मूळ कागदाशी ताडून बघतो, आणि एकक मोठ्यानं वाचतो.

देशी कायद्यात आकडा द्यायचा तर आणखी जपावं लागतं. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात फुप्फुसात जाणाऱ्या सिलिकाच्या धुळीसाठी थेट मर्यादा नव्हती, सूत्र होतं: धुळीतल्या क्वार्ट्झच्या, म्हणजे स्फटिकरूप सिलिकाच्या, टक्केवारीत दोन मिळवायचे आणि दहाला त्यानं भागायचं. धूळ निव्वळ क्वार्ट्झची असेल तर उत्तर येतं एक घनमीटरला सुमारे ०.१ मिलिग्रॅम. अमेरिकेनं २०१६ मध्ये ठरवलेली मर्यादा ०.०५, म्हणजे त्याच्या निम्मी. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की वाचणारा स्वतःच विचार करायला लागतो, आपल्याला काही म्हणावं लागत नाही. विकिपीडियावर तसं म्हणायचंही नसतं.

कायद्याचे लेख शिळेही होतात. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात कलम १११-अ आलं आणि कामाच्या ठिकाणच्या आरोग्य-सुरक्षेची माहिती मागण्याचा हक्क कामगाराला मिळाला. त्याच कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे कायद्यानं लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावायला हव्या होत्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारनं २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयीची संहिता लागू केली आणि १९४८ च्या कायद्याची जागा तिनं घेतली. म्हणजे जिथं जिथं 'कारखाना कायद्यानुसार' असं लिहिलं होतं ती प्रत्येक ओळ पुन्हा बघायची. ते काम अजून चालू आहे.

बहुसंख्य कामगारांना समजणारी भाषा कोणती, हा प्रश्न आपल्या भागात तापायला वेळ लागत नाही. शेडमध्ये मात्र एकाच मशीनवर कन्नड बोलणारा, मराठी बोलणारा आणि उत्तरेकडून आलेला असे तिघं उभे असतात, आणि धूळ तिघांच्या छातीत सारखीच जाते. आमच्यातला इंजिनिअरिंगचा एक मुलगा घरी कन्नड बोलतो. मराठी लेख पुरा झाला की तो त्याच संदर्भांवरून कन्नड लेख लिहितो. दोनदा त्याला कन्नडमध्ये लिहिताना आमच्या मराठीतली चूक सापडली.

लेखात सल्ला द्यायचा नसतो, हे नव्या माणसाला पटायला वेळ लागतो. 'मास्क लावा' असं लिहिता येत नाही, 'कोणत्या उपायानं किती फरक पडतो' हे लिहिता येतं. मला विचाराल तर हेच बरं आहे. सुरक्षेच्या शास्त्रात उपायांची एक उतरंड आहे. सगळ्यात वर, धोकाच काढून टाकणं. मग त्याऐवजी कमी धोक्याचं काही वापरणं. मग यंत्रातच सोय करणं: पाणी मारून धूळ बसवणं, जिथं उडते तिथंच ओढून घेणं, रोबोटला कुंपण आणि दार उघडताच बंद पडणारा स्विच. त्याखाली कामाची पद्धत आणि वेळ बदलणं. मास्क आणि हातमोजे सगळ्यात शेवटी, कारण ते वर्षभर रोज आठ तास नीट घालण्याचा सगळा भार एकट्या कामगारावर पडतो, तोही भट्टीशेजारी, एप्रिलच्या उन्हात. नुसतं 'मास्क लावा' लिहिलं असतं तर वरच्या चार पायऱ्या वाचणाऱ्याला दिसल्याच नसत्या. माझ्या भावानं ही उतरंड वाचली आणि हवा मारण्याऐवजी ओढून घेणारा व्हॅक्यूम मिळेल का, हे सुपरवायझरला विचारलं. अजून मिळालेला नाही. पण विचारताना त्याच्याकडे कागद होता.

धुळीच्या शब्दाचा तिढाही त्यानंच सोडवत आणलाय. मी त्याला मसुदा वाचून दाखवत होते. फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचणारी, डोळ्यांना न दिसणारी धूळ, इथपर्यंत आले तर म्हणाला, "न दिसायला काय झालं? सकाळी पत्र्याच्या भोकातून ऊन येतंय की, त्या कवडशात सगळी दिसतीय. बाजूला झालं की गायब." मी थांबलेच. हवा तपासणारे तज्ज्ञ हेच करतात: प्रखर दिव्याचा झोत सोडून त्याच्या समोरून बघतात, म्हणजे एरवी न दिसणारी बारीक धूळ चमकते. किती आहे ते त्यावरून मोजता येत नाही, पण कुठून उठते आणि कुठं जाते ते कळतं. या पद्धतीला छापील आधार आहे. 'कवडशात दिसणारी धूळ' या शब्दांना अजून नाही, म्हणून ते शब्द व्याख्येत न घालता समजावणाऱ्या वाक्यात घालावेत असं मी चर्चापानावर मांडलंय. दोघांना पटलंय, एकाची हरकत आहे की जाड कणही कवडशात दिसतात. हरकत रास्त आहे, वाक्य आणखी नेमकं करावं लागेल.

परवा सकाळी भावाचा आणखी एक फोटो आला. नॉकआउटच्या वर पत्रा फुटलाय, तिथून तिरका उतरलेला उन्हाचा पट्टा, आणि त्यात वरपासून खालपर्यंत भरलेली धूळ. आजूबाजूला हवा स्वच्छ दिसते. फोटो मुक्त परवान्यानं द्यायला तो तयार आहे. शेडमधला फोटो आहे, म्हणून मालकांना विचारायला सांगितलंय.